कॅनडाचा पासपोर्ट, बर्लिनमधली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅलगरीत वाढलेली मराठी मुलंमुली सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी बर्लिनला येतात, तेव्हा तेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही त्यांचे स्वतःचे असतात, बरेचसे त्यांच्या आईबाबांचे. मी इथे हेच काम करते, म्हणून ते माझ्याकडे येतात. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच आहे: कॅनडा, जर्मनी आणि भारत तुमचे दिवस वेगवेगळ्या तारखांपासून आणि वेगवेगळ्या नियमांनी मोजतात. एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशाला लावलं की नुकसान होतं. रकमांपुढे वर्ष दिलं आहे. अर्ज भरताना चालू वर्षाचा आकडा तपासून घ्या.

१. कॅनडाचा पासपोर्ट आहे. जर्मनीत यायला व्हिसा लागतो का?

यायला लागत नाही. राहायला आणि काम करायला परवाना लागतो. फरक इतकाच की तो परवाना तुम्ही इथे आल्यावरही मागू शकता. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि कॅनडा या देशांच्या नागरिकांना जर्मनीने ही सवलत दिली आहे. आल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करायचा. बर्लिनमध्ये हे काम परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे आहे, त्याला सगळे 'एलईए' म्हणतात.

पण परवाना हातात पडेपर्यंत काम सुरू करता येत नाही. कंपनी १ तारखेपासून या म्हणत असेल आणि एलईएची भेट दोन महिन्यांनी मिळत असेल, तर मधला काळ बिनपगारी जातो. म्हणून नोकरी पक्की असेल तर मी कॅनडातूनच, जर्मन वकिलातीमार्फत व्हिसा घेऊन यायला सांगते. सवलत आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

२. माझ्याकडे डिग्री नाही, कॉलेजचा डिप्लोमा आणि चार वर्षांचा अनुभव आहे. जमेल का?

जमू शकतं, आणि दोन वाटांनी.

पहिली वाट ब्लू कार्डची, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या कुशल नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्याची. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या माणसाला डिग्रीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो आणि पगार ठरलेल्या मर्यादेवर हवा. २०२५ साली ही मर्यादा आयटीसाठी वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. टंचाईच्या यादीत नसलेल्या इतर व्यवसायांसाठी ४८,३०० युरो. दर जानेवारीत आकडा वर सरकतो. अनुभवाची पत्रं मात्र कॅनडा सोडण्याआधीच जुन्या कंपन्यांकडून घ्या, त्यात कामाचं नेमकं वर्णन हवं. 'सॉफ्टवेअर डेव्हलपर, २०२१ ते २०२४' एवढ्याने भागत नाही.

दुसरी वाट फार कमी जणांना माहीत असते. कॅनडासह मोजक्या देशांच्या नागरिकांना शिक्षणाची अट न लावता कोणत्याही नोकरीसाठी परवाना देता येतो. तिथे रोजगार खातं 'ही जागा भरायला इथलाच कोणी मिळतो का' हे तपासतं. ब्लू कार्डचे फायदे या परवान्याला नाहीत, पण दार उघडतं.

३. वर्किंग हॉलिडेवर आलं तर सोपं नाही का?

एक वर्ष राहून पाहायचं असेल तर सोपं आहे. कॅनडा आणि जर्मनीत तरुणांसाठी करार आहे. वय १८ ते ३५, मुदत १२ महिने. नोकरी आधीच हातात नसली तरी चालतं. पण पाच वर्षं राहायचा विचार पक्का असेल तर थेट ब्लू कार्डकडे जा, कारण कायमच्या परवान्याचं घड्याळ तिथे लवकर धावतं (प्रश्न १९).

४. आल्या आल्या पहिलं काम कोणतं?

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. घरात राहायला आल्यापासून १४ दिवसांत करायची असा कायदा आहे. ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयाची वेळ घ्यायची, पासपोर्ट न्यायचा, आणि घरमालकाचं सही केलेलं पत्र न्यायचं. नुसता भाडेकरार चालत नाही, ते वेगळं पत्र लागतंच.

सगळं यावर अडलेलं असतं. नोंदणी झाली की काही आठवड्यांत टपालाने कर क्रमांक येतो. तो मिळेपर्यंत कंपनी सगळ्यात चढ्या दराने कर कापू शकते. जादा कापलेला नंतर परत मिळतो, पण पहिल्या पगाराला हिशेब चुकतो. पाठोपाठ रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्रही येतं, घरामागे महिन्याला १८.३६ युरो (२०२५). टीव्ही नसला तरी भरायचं. दोघीतिघी एकत्र राहत असाल तर एकीनेच भरायचं.

पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि जर्मनीत महत्त्वाचं सगळं कागदावर येतं.

अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल लिहिलं तर आयकरावर चर्च कर लागतो, बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के. हिंदू, बौद्ध किंवा निधर्मी असाल तर तो लागत नाही. गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती मित्रांनी मात्र हे आधी समजून घ्यावं, कारण नंतर बाहेर पडायचं तर कोर्टात जाऊन रीतसर नाव काढावं लागतं.

५. घर मिळतच नाही. काय करू?

बर्लिनमधला हा सगळ्यात अवघड भाग, आणि याला शॉर्टकट नाही. पहिले दोन-तीन महिने सामान असलेली तात्पुरती खोली घ्या, पण पत्ता नोंदवू देणारी. नोंदणी नाही म्हणणारी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, वरचं उत्तर वाचलं की कारण कळेल.

कायमच्या घरासाठी तीन पगारपत्रकं, शुफा नावाचा पतदाखला आणि आधीच्या मालकाचं 'भाडं थकलेलं नाही' असं पत्र मागतात. कॅनडातला तुमचा क्रेडिट स्कोअर इथे कोणी विचारत नाही, पत शून्यापासून उभी करायची. जाहिरातीत दोन भाडी दिसतील, थंड आणि उबदार. थंड म्हणजे नुसतं घर. उबदार म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं असू शकते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. घर न पाहता पैसे पाठवू नका, मालक कितीही सज्जन वाटला तरी.

एक धक्का जवळजवळ प्रत्येकाला बसतो: बऱ्याच रिकाम्या घरांत स्वयंपाकघर नसतं. ओटा नाही, शेगडी नाही, कधी कधी दिवासुद्धा नाही. आधीच्या भाडेकरूने ते स्वतः लावलेलं असतं, तो घेऊन जातो किंवा तुम्हाला विकतो. भाव करा.

६. ७०,००० युरो पगार म्हणजे हातात किती?

२०२५ च्या दरांनी, एकटी व्यक्ती, चर्च कर नाही असं धरलं तर महिन्याला साधारण ३,६०० युरोच्या आसपास. टोरोंटोच्या पगाराशी नुसती तुलना करून आईबाबा नाराज होतात. पण कापलेल्या पैशांत आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा आणि म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा येतो. शिवाय गाडी लागत नाही. देशभर लोकल गाड्या, ट्राम, बस चालणारं तिकीट २०२५ साली महिन्याला ५८ युरो होतं. मिसिसागात गाडीच्या विम्याला किती जातात ते आठवा आणि मग बेरीज करा.

गाडी हवीच असेल तर ऑन्टारियोचं पूर्ण 'जी' लायसन्स परीक्षेविना बदलून मिळतं. इथे राहायला लागल्यापासून सहा महिन्यांनी जुन्या लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, म्हणून अर्ज वेळेत टाका.

७. सरकारी विमा घेऊ की खासगी? आणि ओहिपचं (ऑन्टारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काय होतं?

सरकारी घ्या. हे माझं ठाम मत आहे. हप्ता पगाराच्या १४.६ टक्के आणि वर विमा संस्थेची थोडी जादा आकारणी, निम्मं कंपनी भरते. जोडीदाराला कमाई नसेल तर ती किंवा तो आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय त्याच विम्यात येतात. खासगी विमा पंचविशीत स्वस्त दिसतो, त्यासाठी २०२५ साली वर्षाला ७३,८०० युरोच्या वर पगार लागत होता. वय वाढलं की त्याचा हप्ता चढतो आणि सरकारीत परतायची वाट अरुंद होत जाते. पंचावन्ननंतर ती जवळजवळ बंद असते.

ओहिपचा हिशेब कार्डावरच्या तारखेचा नसतो, प्रत्यक्ष राहण्याचा असतो. कुठल्याही १२ महिन्यांत १५३ दिवस ऑन्टारियोत असणं ही मूळ अट आहे. कार्ड पाकिटात आहे म्हणून सुट्टीत गेल्यावर डॉक्टरकडे ते वापरू नका. कायमचे परतलात की ऑन्टारियोत तीन महिने थांबावं लागत नाही, ती अट २०२० साली काढली. ब्रिटिश कोलंबियात अजून थांबावं लागतं.

८. रोजचं जगणं कसं असतं? आईला काळजी वाटते.

आईला सांगा, थंडी टोरोंटोपेक्षा सौम्य असते. त्रास होतो तो अंधाराचा. बर्लिन साधारण सॅस्काटूनच्या अक्षांशावर आहे, टोरोंटोच्या बरंच उत्तरेला. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, आणि सॅस्काटूनला असतं तसं स्वच्छ निळं आकाशही नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालायला जा, ढग असले तरी. पहिल्या हिवाळ्यात घरकोंबडं होणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि उपाय इतकाच साधा होता.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवायची. विसरलात तर कोपऱ्यावरचं श्पेटी, म्हणजे उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं दुकान. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नको. मिक्सरवर चटणी वाटायची असेल तर शनिवारी वाटा, शेजारी खरोखर येऊन सांगतात. प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकून परत घ्यायची. रोकड थोडी जवळ ठेवा, कार्ड न घेणारी हॉटेलं अजून आहेत.

९. पोहे, ज्वारीचं पीठ, कोथिंबीर मिळते का? गणपती?

मिळतं सगळं. डाळी, पोहे, पिठं भारतीय दुकानांत मिळतात. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, मेथीसाठी तुर्की दुकानं जास्त ताजी आणि स्वस्त. मायबाखउफरला कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो. संध्याकाळी उठायच्या वेळी गेलं की भाजी जवळजवळ निम्म्या भावात येते. नॉयकोल्नमध्ये हाझेनहाइडेच्या बागेलगत गणपतीचं देऊळ आहे. मोदकाच्या पिठासाठी ऑगस्टमध्येच दुकानदाराला सांगून ठेवा.

१०. जर्मन यायलाच हवं का? ऑफिस तर इंग्रजीत आहे.

नोकरीसाठी नाही. पण विमा, भाडेकरार, वीजबिल, सरकारी पत्र सगळं जर्मनमध्ये असतं. फोनवर भाषांतर करून दिवस निघतात, वर्षं निघत नाहीत. दुसरं, कायमचा परवाना किती लवकर मिळतो ते थेट भाषेवर अवलंबून आहे. पहिल्याच वर्षी संध्याकाळचा वर्ग लावा. दुसऱ्या वर्षी कामाचा ताण वाढतो आणि मग होत नाही.

११. सुट्ट्या किती? आजारी पडलं तर पगार कापतात का?

पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस भरपगारी सुट्टी. सॉफ्टवेअर कंपन्यांत २७ ते ३० सर्रास. ऑन्टारियोत सुरुवातीला दोन आठवडे असतात, हे आठवून पाहा. म्हणजे पुण्याला तीन आठवडे आणि मिसिसागाला दीड आठवडा, दोन्ही एका वर्षात बसतं.

आजारपण सुट्टीतून वजा होत नाही. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनी देते, त्यानंतर विमा संस्था काही भाग देते. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला लागतो, काही कंपन्या आधीच मागतात, तेव्हा करार वाचा. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि दाखला घेतलात तर ते दिवस परत मिळतात. कॅनडातून आलेल्यांना हे मागायला संकोच वाटतो. मागा, तुमचा हक्क आहे.

१२. घरच्यांशी बोलायची वेळ कशी जमवायची? आणि कॅनडाचा फोन नंबर ठेवू का?

टोरोंटो सहा तास मागे, भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे. शनिवारी-रविवारी बर्लिनचे दुपारी तीन ही तिघांनाही सोयीची वेळ आहे. मिसिसागात आईबाबांचा सकाळचा चहा, पुण्यात आजीची संध्याकाळ. मार्चमध्ये कॅनडाची घड्याळं युरोपच्या आधी पुढे जातात आणि शरदात युरोपची आधी मागे येतात, त्या थोड्या आठवड्यांत अंतर पाच तासांचं होतं. सोमवारच्या मीटिंगा तेव्हाच चुकतात.

नंबर जरूर ठेवा. बँक, कर खातं, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. निघण्याआधी सगळ्यात स्वस्त प्लॅनवर टाका आणि शक्य तिथे ओटीपीऐवजी ॲपवर बदला. नंबर बंद करून आल्यावर बँकेला इथून पटवणं फार जड जातं.

१३. मी कॅनडाची नागरिक आहे, मग दोन्हीकडे कर भरायचा का?

नाही. नागरिकत्वावरून जगभर कर लावतो तो अमेरिका. कॅनडा पाहतो तुम्ही कुठे राहता ते. घर, जोडीदार, मुलं कॅनडात ठेवून आलात तर तुमचं करासाठीचं निवासीपण तिथेच धरलं जाऊ शकतं. हे धागे तोडून आलात तर निघालेली तारीख शेवटच्या रिटर्नमध्ये लिहायची, आणि त्या तारखेनंतरचा जर्मन पगार कॅनडाचा विषय राहत नाही. दोन्ही देशांत कर करार आहे, तो वादाच्या वेळी कामी येतो.

ती तारीख साधी नाही. त्या दिवशी तुम्ही तुमचे शेअर बाजारभावाने विकलेत असं कॅनडा मानतो आणि नफ्यावर कर लावतो, प्रत्यक्षात एकही विकला नसला तरी. जुन्या कंपनीचे शेअर खात्यात पडून असलेल्या आयटीवाल्यांना हे लागतंच. कॅनडातलं घर आणि आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) यातून वगळलेले आहेत. मालमत्ता एकूण २५,००० डॉलरच्या वर असेल तर तिची यादी देणारा वेगळा फॉर्म भरावा लागतो, कर शून्य असला तरी. या एका रिटर्नपुरते पैसे खर्च करून जाणकाराकडे जा.

१४. टीएफएसएमध्ये (कॅनडाच्या करमुक्त बचत खात्यात) पैसे टाकत राहू का? विद्यार्थी कर्जाचं काय?

टाकू नका. अनिवासी असताना टाकलेल्या रकमेवर कॅनडा दरमहा १ टक्का दंडकर लावतो. आधीचे पैसे तिथे ठेवता येतात, कॅनडा त्यावर कर लावत नाही. पण जर्मनी टीएफएसएला ओळखत नाही. त्यातलं व्याज आणि नफा इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा, वर्षाला १,००० युरोची सूट आहे, त्यावर २५ टक्के आणि थोडा अधिभार. म्हणून मी तरी निघण्याआधी टीएफएसए रिकामं करणं पसंत करते, हिशेब एका देशात राहतो.

विद्यार्थी कर्जाच्या केंद्र सरकारच्या भागावर एप्रिल २०२३ पासून व्याज नाही, पण हप्ते चालूच राहतात. उत्पन्न कमी असल्यास मिळणारी हप्त्याची सवलत कॅनडात राहणाऱ्यांनाच मिळते.

१५. टोरोंटोची कंपनी म्हणते, बर्लिनमधून काम कर, पगार इथूनच देऊ. चालेल?

जसंच्या तसं चालत नाही. लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा असो, काम जिथे बसून करता तिथलं धरलं जातं. म्हणजे परवाना जर्मनीचा, कर जर्मनीचा आणि सामाजिक विमाही जर्मनीचा. त्याला एक खरा अपवाद आहे: कंपनीने तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी इथे पाठवलं असेल तर दोन्ही देशांतल्या सामाजिक सुरक्षा कराराखाली तुम्ही सीपीपीतच, म्हणजे कॅनडाच्या पेन्शन योजनेतच राहू शकता. त्यासाठी कॅनडाकडून दाखला आधी काढावा लागतो. 'मला बर्लिन आवडतं म्हणून मी इथे आले' हे पाठवणं होत नाही. व्हिसाशिवायच्या ९० दिवसांत 'थोडं थोडं काम' करणारे पुष्कळ आहेत, मी तो सल्ला कुणाला देणार नाही.

त्याच कराराचा दुसरा फायदा: जर्मन पेन्शनसाठी किमान पाच वर्षं लागतात, आणि त्यात कॅनडातला काळ जोडून धरता येतो. तीन वर्षांनी परतलात तरी इथे भरलेलं वाया जात नाही. विम्याची कागदपत्रं जपून ठेवा.

१६. कंपनीत कपात चालू आहे. नोकरी गेली तर देश सोडावा लागतो का?

लगेच नाही. क्रम लक्षात ठेवा.

नोकरी काढल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीचं असावं लागतं. ईमेल किंवा स्लॅकवरचा निरोप कायद्याने चालत नाही. तुमच्यावर अन्याय झाला असं वाटलं तर पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जावं लागतं, त्यानंतर दार बंद. आणि मनुष्यबळ खात्याने परस्पर संमतीचा करार पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका. पैसे चांगले दिसले तरी त्या सहीमुळे बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो.

कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार खात्यात नाव नोंदवा, दोन आठवड्यांत एलईएला कळवा. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरला असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७. हा तुमच्या पगारातून भरलेल्या विम्याचा पैसा आहे, तो घेण्यात कमीपणा नाही. नवीन नोकरी शोधायला एलईए सहसा काही महिने देतं. पहिल्या सहा महिन्यांच्या उमेदवारीत मात्र दोन आठवड्यांच्या मुदतीने काढता येतं, म्हणून त्या काळात घरासाठी मोठी खरेदी करू नका.

१७. ताई, माझा नवरा भारतीय पासपोर्टवर आहे, कॅनडाचा पीआर (कायम रहिवासी). तो माझ्याबरोबर असाच येऊ शकतो का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त जोडपी अडकतात. प्रश्न १ मधली सवलत पासपोर्टची आहे, पीआर कार्डाची नाही. त्याला कॅनडातल्या जर्मन वकिलातीतून कुटुंबाचा व्हिसा घेऊनच यावं लागेल. चांगली बाजू अशी की तुमच्याकडे ब्लू कार्ड असेल तर त्याला आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठलीही नोकरी करता येते.

आता त्याचा पीआर. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असणं ही अट आहे. पण कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर परदेशात एकत्र राहिलेले दिवसही त्यात धरले जातात. म्हणून पीआर टिकू शकतो. पुरावे आजपासून जमवा: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकाच पत्त्याची आनमेल्डुंग, तुमचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. नोकरी त्याला मिळाली आणि तुम्ही त्याच्यामागे आलात, तर 'कोण कोणाबरोबर गेलं' असा प्रश्न अधिकारी विचारू शकतात, तेव्हा आधी वकिलाशी बोला.

आणि गफलत होते ती इथे: हे दिवस पीआर टिकवायला चालतात, नागरिकत्वाला चालत नाहीत. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस स्वतः कॅनडातच हवेत. त्याचे थोडेच महिने उरले असतील तर माझा सल्ला आहे, ते पुरे करून, शपथ घेऊन मग निघा.

१८. परवान्याचा अर्ज केला आहे, कार्ड आलेलं नाही. पुण्याला जाऊन येऊ का?

हातातला तात्पुरता दाखला नीट वाचा. त्यावर कुठल्या कलमाची खूण आहे यावर सगळं ठरतं. कलम ८१ परिच्छेद ४ असेल, म्हणजे जुना परवाना वाढवायला टाकला असेल, तर जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल, म्हणजे व्हिसाशिवाय येऊन पहिल्यांदाच अर्ज केला असेल, तर तो दाखला परत येण्याचा हक्क देत नाही. कॅनडाच्या पासपोर्टवर ९० दिवसांतले दिवस उरले असतील तर प्रवेश होऊ शकतो, पण मुंबईच्या काउंटरवर हे समजावणं तुमच्या नशिबावर सोडू नका. कार्ड येईपर्यंत थांबा.

कार्ड आल्यावरही: इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० च राहता येतं. भारतात किंवा कॅनडात लांब मुक्काम करायचा असेल तर साधा परवाना सहा महिन्यांनी रद्द होतो, ब्लू कार्डला १२ महिन्यांची मुभा आहे.

१९. कायमचा परवाना आणि जर्मन पासपोर्ट कधी? कॅनडाचा सोडावा लागतो का?

ब्लू कार्डवर, बी-१ दर्जाची जर्मन असेल तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना, ए-१ (अगदी सुरुवातीची पातळी) असेल तर २७ महिन्यांनी. नागरिकत्वाला पाच वर्षं. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुना पासपोर्ट ठेवू देते, आणि कॅनडा तर १९७७ पासूनच दुहेरी नागरिकत्व मानतो. त्यामुळे कॅनडाचा सोडावा लागत नाही. फक्त विमानाने कॅनडात जाताना कॅनडाचाच पासपोर्ट वापरा, जर्मन पासपोर्टवर चढू देत नाहीत.

भारतीय पासपोर्टवाल्या जोडीदाराचं तसं नाही. जर्मन नागरिकत्व घेतलं की भारतीय संपतं, मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड काढायचं. तुमच्याकडे ओसीआय असेल तर ते जपा. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने कॅनेडियन नागरिकांचे व्हिसा थांबवले तेव्हा ओसीआयवाले जात-येत होते, बाकीच्यांच्या घरची लग्नं चुकली.

२०. मी इथून मतदान करू शकते का?

हो, केंद्राच्या निवडणुकीत. पाच वर्षं बाहेर राहिलं की मत जातं हा जुना नियम २०१८ च्या कायद्याने गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो घटनाबाह्य ठरवला. परदेशातल्या मतदारांच्या यादीत आजच नाव घाला, कारण निवडणूक जाहीर झाल्यावर टपालाला वेळ पुरत नाही. मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ओटावाला पोचावी लागते. मत तुमच्या शेवटच्या कॅनडातल्या पत्त्याच्या मतदारसंघात मोजलं जातं.

२१. आमचं बाळ बर्लिनमध्ये होणार आहे. ते कॅनेडियन असेल का?

बहुतेकांना हो, पण तुमचा स्वतःचा जन्म कुठला ते पाहावं लागतं.

तुम्ही कॅनडात जन्मलात, किंवा पुण्यात जन्मून नंतर शपथ घेऊन नागरिक झालात, तर बाळ जन्मतःच कॅनेडियन आहे. अर्ज फक्त प्रमाणपत्रासाठी करायचा. पुण्यात जन्मलेले बरेच जण या प्रश्नाने उगाच घाबरतात.

अवघड आहे ते तिसऱ्या गटाचं: ज्यांचे आईबाबा आधीच कॅनडाचे नागरिक होते आणि ते नोकरीसाठी दुबई किंवा मस्कतला असताना ज्यांचा जन्म झाला. ही मुलं स्वतः वारशाने कॅनेडियन आहेत. २००९ च्या नियमाने त्यांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळत नव्हतं. १५ डिसेंबर २०२५ पासून कायदा बदलला. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या बाळासाठी, तुम्ही बाळाच्या जन्माआधी कॅनडात एकूण १,०९५ दिवस राहिल्याचं दाखवावं लागतं. शाळेचे दाखले, ट्रान्सक्रिप्ट, जुनी कर रिटर्न त्यासाठी चालू शकतात, आणि ती बहुधा मिसिसागात आईबाबांच्या कपाटात असतात. पुढच्या खेपेला गेलात की स्कॅन करून आणा. बाळ त्या तारखेच्या आधी जन्मलेलं असेल तर ही अट लागत नाही.

जर्मन नागरिकत्व बाळाला जन्मतः तेव्हाच मिळतं, जेव्हा आई किंवा बाबा पाच वर्षं कायदेशीर इथे राहिलेले असतात आणि त्यांच्याकडे कायमचा परवाना असतो. पाच वर्षं झाली पण कायमच्या परवान्याचा अर्ज टाकायचा राहिला, अशी घरं आहेत. प्रश्न १९ मधली मुदत भरली असेल तर तो अर्ज बाळंतपणाच्या तयारीत सगळ्यात वर ठेवा.